धबधब्यावर बंदी नको, घाट बांधा

मृगाचा नाहीतर आर्द्राचा एखादा दमदार पाऊस झाला आणि सौताड्याची धार सुरू झाली, की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास होतात. पहिली, सगळ्यांच्या स्टेटसला तोच एक व्हिडिओ. दुसरी, तालुक्याच्या प्रत्येक ग्रुपवर तीच एक मागणी : "बंदी घाला. लोकांना अक्कल नाही. एखादा मेल्यावर जागे होणार का?"

मागणी करणाऱ्याच्या मनात काळजी असते, हे मान्य. पण मागणी चुकीची आहे, आणि आज त्याबद्दल सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

बंदीनं जीव वाचत नाहीत. बंदीनं जबाबदारी वाचते. आदेश काढला, बोर्ड लावला, उद्या काही झालं तर म्हणायला मोकळे : "आम्ही सांगितलं होतं."

आधी, सौताडा म्हणजे काय ते सांगतो. बीड-जामखेड रस्त्यानं शंभर वेळा जाऊनही कधी आत न वळलेले लोक आपल्यात भरपूर आहेत. पाटोदा तालुक्यात बालाघाटाचं पठार जिथं एकदम तुटतं, तिथं विंचरणा नदी कड्यावरून खाली उडी घेते. खाली दरीत रामेश्वराचं देऊळ. वरून कड्याच्या बाजूनं धार बघायची, पायऱ्या उतरून देवळापाशी जायचं, दर्शन घ्यायचं, दगडावर बसून भाकरी-ठेचा खायचा आणि चढून वर यायचं. सकाळी निघालं तर संध्याकाळी दिवेलागणीला घरी. ट्रेकिंगचे बूट लागत नाहीत, हॉटेलचं बुकिंग लागत नाही. श्रावणात तर दर्शनाला येणारा भाविक कोण आणि फिरायला आलेला पर्यटक कोण, हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही.

तसंच मांजरसुंब्याजवळचं कपिलधार. मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारीच डोंगरावरून पडणारं पाणी. बीड शहरातून दुचाकीवर जाऊन येण्यासारखं.

महाराष्ट्रात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आपली गणना होते. पाऊस जेमतेम साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही धरला तर चावतो सोडला तर पळतो. अशा जिल्ह्यात डोंगर, हिरवळ आणि पडतं पाणी एकत्र बघायला मिळणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि त्याही वर्षातले थोडे आठवडे.

आता हे थोडे आठवडे कोणाचे, ते बघा. दसरा झाला की आपल्या गावोगावची कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात. परत येतात तोवर उन्हाळा लागलेला असतो. म्हणजे त्या घरातली लेकरं, आई-बाप, आजी-आजोबा एका छताखाली असतात ते याच पावसाळ्यात. त्यांना महाबळेश्वर परवडत नाही. खुरपणीतून एखादा दिवस काढून सगळं घर जाऊ शकतं, ते सौताड्याला. ज्याच्या दारात चारचाकी आहे, त्याला सौताडा बंद झाल्यानं काही फरक पडत नाही, तो लोणावळ्याला जाईल. बंदीची काठी पडणार ती एसटीनं आलेल्यांवर आणि एका दुचाकीवर बायको-दोन लेकरं घेऊन आलेल्या माणसावर.

म्हणून "बंदी घाला" लिहिण्याआधी एकदा विचार करा, आपण कोणाची सुट्टी रद्द करतोय.

बरं, बंदीचा अनुभव काय सांगतो? ३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभे असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिला. लगेच जुलैमध्ये पुणे जिल्ह्यात मनाई आदेश निघाला. खोल पाण्यात उतरायचं नाही, धोक्याच्या जागी सेल्फी-रील नाही, दारू नाही. यात गैर काहीच नाही, असे नियम हवेतच.

पुढं काय झालं? वर्षही पुरं झालं नव्हतं. १५ जून २०२५, पुन्हा रविवार, पुन्हा तोच मावळ तालुका. इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या वर जखमी. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं होता. तरीही पूल माणसांनी आणि दुचाकींनी भरला.

फलकाला डोळे नसतात. फलक गर्दी मोजत नाही, शिट्टी वाजवत नाही, लेकराचा हात धरून मागं ओढत नाही. ते काम माणसाचं आहे. आणि माणूस उभा करायचा म्हटलं की खर्च येतो, ड्युटी लावावी लागते, कुणाच्या तरी नावावर जबाबदारी टाकावी लागते. त्यापेक्षा फलक स्वस्त, आणि आदेश त्याहून स्वस्त.

"पण कायद्यानं प्रशासनाला तेवढंच करता येतं ना?" नाही. मनाई आदेश निघतात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. जुन्या भाषेत आपण ज्याला १४४ म्हणायचो, तेच. पण याच देशात २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदाही आहे. त्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे आणि त्याचे अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी. धोक्याची ठिकाणं आधी ओळखणं, आराखडा करणं, लोकांना प्रशिक्षण देणं, पूर्वसूचनेची सोय करणं ही कामं त्या प्राधिकरणाकडं आहेत. म्हणजे एका कायद्यानं अडवायचा अधिकार दिलाय आणि दुसऱ्यानं तयारी करायचं कर्तव्य. अधिकार तेवढा वापरायचा आणि कर्तव्य कपाटात ठेवायचं, हे चालणार नाही. गावच्या स्वयंसेवकांना तयार करायची केंद्राची 'आपदा मित्र' योजना २०१६ पासून आहे. मग विचारा की तहसीलला : पावसाळ्याच्या रविवारी सौताड्याला किती प्रशिक्षित माणसं उभी असतात? त्यांची नावं कुठं लावलीत?

आता दुसरी बाजू. "लोकच माजलेत हो. बाटल्या फोडायलेत, गाणी लावून नाचायलेत, कठड्यावर चढून रील काढायलेत."

अगदी खरं आहे, आणि मी त्यांची वकिली करत नाही. ज्या दगडावर बाया-लेकरं अनवाणी उतरतात तिथं बिअरची बाटली फोडणाऱ्याला उचला, दंड करा, गाडी जप्त करा. कुणी अडवलंय? पण तो बाटलीवाला आणि नातवाला घेऊन रामेश्वराला आलेली आजी, या दोघांना एकाच आदेशानं परत पाठवणं हा कुठला न्याय? बसमध्ये एकानं खिसा कापला म्हणून आपण एसटी बंद करत नाही, खिसेकापूला धरतो. आणि गंमत बघा, सरसकट बंदी असली की आजी परत जाते. बाटलीवाला आडवाटेनं, कुंपणाखालून, कुणी नसताना आत जातो. बंद जागेत मग उरतात ते फक्त नियम मोडणारे. पाय घसरला तर हाक ऐकायलाही कुणी नाही.

गर्दी सांभाळता येत नाही, असं तर म्हणूच नका. याच जिल्ह्यात कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला वीरशैव समाजाच्या दिंड्या येतात. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून. चालत. त्या वेळी पोलीस बंदोबस्त लागतो, जादा एसटी सुटतात. गर्दी होते म्हणून यात्राच बंद करा, असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. डोंगर तोच, पाणी तेच, माणसं आपलीच. यात्रेला जमतं ते पावसाळ्यातल्या आठ-दहा रविवारी का जमू नये? कारण यात्रेला येणारा माणूस आपल्याला भाविक दिसतो आणि धबधब्याला येणारा रिकामटेकडा. खरा अडथळा हा आहे, आणि तो आपल्या डोक्यात आहे.

राज्यात चांगलं उदाहरणही आहे. साताऱ्याचं कास पठार. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याचं नाव गेलं आणि फुलांवर गर्दी तुटून पडली. तिथं पठाराला टाळं लावलं नाही. आसपासच्या गावांची संयुक्त वनव्यवस्थापन समिती पुढं आली. फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसं अशी मर्यादा, आधी ऑनलाइन नोंदणी, शुल्क, आणि पठारावर गावातलीच माणसं. सगळं सुरळीत चालतं असं नाही, तक्रारी तिथंही होतात. पण दिशा बघा : गर्दी अडवण्याऐवजी मोजली, आणि राखणाऱ्या हाताला मजुरी मिळाली.

"आपल्याकडं पैसा कुठाय?" साधा हिशेब करू. समजा एका रविवारी पाचशे माणसं आली आणि माणशी वीस रुपये घेतले, लहान लेकरं सोडून. दहा हजार झाले. गावातली पाच पोरं-पोरी दिवसाला सातशे रुपयांनी उभी केली, साडेतीन हजार गेले. उरलेल्या साडेसहा हजारात सफाई, दोर, शिट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी. पावती फाडा, हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. वीस रुपये द्यायला लोक कुरकुरत नाहीत. ते वीस रुपये कुठं जातात हे कळत नाही, तेव्हा कुरकुरतात.

आता मुद्द्याचं. पडतं पाणी माणसाला मारतं कसं, हे समजलं की तिथं माणूसच का हवा ते आपोआप कळेल.

आपला बालाघाट म्हणजे काळा बेसाल्ट. वर माती पातळ, झाडी विरळ. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, धावत सुटतं. तुम्ही खाली डोहाजवळ उभे असता, डोक्यावर ऊनही असतं. आणि वर, तुम्हाला न दिसणाऱ्या माळावर, ढग रिकामा झालेला असतो. ते पाणी मिनिटांत कड्यावर येतं. येण्याआधी खुणा देतं : पाणी एकाएकी गढूळ होतं, काटक्या-पालापाचोळा वाहून येतो, धारेचा आवाज जड होतो. गावातल्या गुराख्याला या खुणा कळतात. पुण्याहून किंवा बीडच्या शिवाजीनगरातून आलेल्याला कळत नाहीत. त्याच्या मागं डीजेची गाणी लागलेली असतात.

दुसरं, शेवाळ. ओल्या बेसाल्टवर चप्पल नाही, बूट नाही, काहीच टिकत नाही. तिसरं, धारेखालचा डोह. वरून शांत दिसतो, पण पडणारं पाणी खाली भोवरा करतं, पोहता येणाऱ्यालाही आत ओढतं, आणि तळाला दगड असतात. चौथं, धारेच्या थेट खाली उभं राहायची हौस. पाण्याबरोबर वरून दगड येतो, आणि तो दगड व्हिडिओ थांबवा म्हणत नाही. पाचवं, वीज. उघड्या कड्यावर छत्री धरून उभं राहणं म्हणजे तिला आवतण.

यातली एकही गोष्ट बंदीच्या कागदानं टळत नाही. प्रत्येक गोष्ट माहीतगार माणसानं टळते. वरच्या माळावर एखाद्या शेतकऱ्याला जबाबदारी द्या : जोराचा पाऊस दिसला की फोन करायचा. दरीत फोन लागतोच असं नाही, म्हणून कड्यावर एक माणूस आणि देवळावर भोंगा. भोंगा वाजला की पाच मिनिटांत सगळे वर. यात कोट्यवधी रुपये कुठं आले?

या जागी एका बाईची आठवण काढायलाच हवी. सौताड्याहून जामखेड जवळच, आणि त्या जामखेड तालुक्यात चौंडी. ३१ मे १७२५ ला अहिल्याबाईंचा जन्म तिथला. त्रिशताब्दीच्या वर्षी, ६ मे २०२५ ला, राज्याचं अख्खं मंत्रिमंडळ चौंडीत येऊन बैठक घेऊन गेलं. भाषणं झाली, हार झाले. पण अहिल्याबाईंनी केलं काय, ते आठवा. काशीला, आणि देशभर नद्यांच्या काठी, त्यांनी घाट बांधले. धर्मशाळा बांधल्या, विहिरी खोदल्या. आपल्या परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांचाच.

घाट म्हणजे काय हो? नदी धोक्याची आहे हे कबूल करून, माणूस तिच्याजवळ जाणारच हेही कबूल करून, त्याला नीट उतरता यावं म्हणून बांधलेल्या पायऱ्या. गंगेत तेव्हाही माणसं बुडत होती. अहिल्याबाईंनी दवंडी पिटवली नाही की आजपासून गंगेवर जाऊ नका. त्यांनी पायऱ्या बांधल्या, काठावर निवारा केला. राज्य करणाऱ्यानं माणसाच्या इच्छेला शिवी द्यायची नसते, तिला वाट करून द्यायची असते. त्यांच्या नावानं जयंत्या करणारं सरकार पाण्याजवळ जाणाऱ्या माणसाला फक्त काठी दाखवत असेल, तर जयंतीचा हार उतरवून ठेवावा.

पण घाट बांधा म्हटलं की लगेच एस्टिमेट निघतं ते पेव्हर ब्लॉकचं, 'आय लव्ह' लिहिलेल्या बोर्डाचं आणि काचेच्या पुलाचं. तो घाट नाही, ती बिलं आहेत. मला म्हणायचाय तो घाट असा :

एक. धरायला मजबूत कठडा असलेल्या, शेवाळ घासून काढलेल्या पायऱ्या. आणि डोहाच्या अलीकडं ठळक रेषा, जिच्या पुढं कुणीही जायचं नाही. आमदाराचा भाचा असला तरी.

दोन. शनिवार-रविवार, श्रावणी सोमवार आणि सुट्ट्यांना गावातली प्रशिक्षित पोरं-पोरी, अंगात ओळखू येणारं जाकीट, हातात दोर आणि शिट्टी. त्यांचा शब्द अंतिम.

तीन. बायकांसाठी पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह आणि ओले कपडे बदलायला आडोसा. सरकारनं १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं. फार चांगलं केलं. बाई अर्ध्या तिकिटात पोचेल, पण दिवसभर पाणी न पिता फिरेल, कारण जायचं कुठं? ही सोय असल्याशिवाय कुठलीही जागा पर्यटनस्थळ होत नाही, ती फक्त पुरुषांची जागा होते.

चार. सुट्टीच्या दिवशी पाटोदा आणि जामखेडहून ठरल्या वेळी एसटीची फेरी. संध्याकाळी परतीची नक्की. म्हणजे रस्त्यावर गाड्यांची रांग नाही आणि अंधारात दुचाकी नाही.

पाच. जोराचा पाऊस किंवा हवामान खात्याचा लाल इशारा असेल त्या दिवशी बंद. हो, त्या दिवशी बंदच. पण उद्या परत उघडा. एका दिवसाचं बंद म्हणजे व्यवस्था. अख्ख्या पावसाळ्याचं बंद म्हणजे पळवाट.

आणि या सगळ्याच्या वर एकच नाव. अशा ठिकाणी सहसा डोंगर वन खात्याचा, रस्ता बांधकाम खात्याचा, देऊळ देवस्थानाचं आणि कचरा ग्रामपंचायतीचा असतो. दुर्घटना झाली की कुणाचीच नसते. एक जबाबदार अधिकारी ठरवा, त्याचा नंबर तिथं मोठ्या अक्षरात लावा.

आपल्या बाजूनंही काही आहे, ते सोडून चालणार नाही. घरून निघताना कुठं चाललोय ते सांगून निघा. दुपारी चारला परतीला लागा. लेकरांना पाण्यात सोडून स्वतः मोबाइलमध्ये बघत बसू नका. पाणी गढूळ झालं की फोटो तिथंच सोडा. कुणी वाहून जात असेल तर मागं उडी टाकू नका, दोर, ओढणी, काठी जे असेल ते फेका. एकाला वाचवायला गेलेले चौघं जातात, हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. आणि पत्रावळ्या, कुरकुऱ्याची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरून परत न्या. विंचरणा खाली जामखेडकडं जाते. आपण टाकलेलं तिथलं कुणीतरी उचलतं.

आता काम. पाटोदा तालुक्यातल्या, विशेषतः सौताडा आणि आसपासच्या गावातल्या मित्रांनो, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या : पावसाळी व्यवस्थापन समिती, गावातली माणसं, शुल्क आणि फळ्यावर हिशेब. ठराव नंबरासकट घ्या आणि प्रत तहसीलदारांना, प्रत जिल्हा नियोजन समितीला. मांजरसुंब्याच्या, कपिलधारच्या लोकांनीही तेच करा. ठराव झाला की फोटो खाली टाका, पाठपुरावा मिळून करू.

ज्यांना अजूनही वाटतं बंदीच बरी, त्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा, शिव्या सोडून. फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्या : ऊसतोडीहून आलेल्या घरातलं दहा वर्षांचं लेकरू विचारतं, "धबधबा कसा असतो?" त्याला तुम्ही काय दाखवणार, मोबाइल?